गाणं लिहायला कुणी शिकवतं का?



स्मरणिका समितीने विषय वाटून दिले तेव्हा माझ्या वाट्याला 'इतिहास' आला. शाळेचा इतिहास लिहिणारे माझ्यापेक्षा अधिकारी लोक या अंकात आहेत. कौलारू इमारत कधी गेली, नवी कधी उभी राहिली, संस्थापकांनी देणग्यांसाठी किती उंबरे झिजवले, हे त्यांच्याकडूनच वाचावं. मी निवडलेला इतिहास जरा आडबाजूचा आहे, पण शाळेपासून फार दूर नाही. हा गीतलेखनाच्या शिकवणीचा इतिहास आहे. इथे साठ मुलांचा वर्ग नाही की फळाही नाही. एक शिकवणारा, एक शिकणारा आणि दोघांच्या मध्ये एक कागद, एवढंच.

आपल्याकडे एक समज घट्ट बसलेला आहे. गायला शिकावं लागतं, तबला शिकावा लागतो, चित्रकलेच्या परीक्षा असतात. गाणं लिहिणं मात्र 'सुचतं'. ज्याला सुचतं त्याला सुचतं, बाकीच्यांनी टाळ्या वाजवाव्यात. आपल्या वर्गातही दोघाचौघांना सुचायचं. स्नेहसंमेलन जवळ आलं की ती मंडळी मागच्या बाकावर बसून 'स्वागत'ला यमक शोधायची आणि 'अभ्यागत' सापडला की काम झालं असं मानायची. मग वही मराठीच्या बाईंकडे जायची आणि परत यायची ती लाल शाईने भरून. एका स्वागतगीतात 'स्वागत' हा शब्द अकरा वेळा आला होता. बाईंनी दहा खोडले, एक ठेवला आणि समासात विचारलं, 'पाहुणे आलेत हे त्यांना ठाऊक आहे. तुम्हाला काय वाटलं ते कधी सांगणार?'

बाईंनी त्या दिवशी जे केलं ते फार जुनं काम आहे. दिल्लीच्या लाल किल्ल्यापासून न्यूयॉर्कच्या रंगभूमीपर्यंत त्याचा माग काढता येतो. तोच इथे थोडक्यात काढतो.

उस्तादाची लेखणी

उर्दू कवितेत या कामाला रीतसर नाव आहे : इस्लाह, म्हणजे दुरुस्ती. नवा कवी एखाद्या उस्तादाचा शागीर्द व्हायचा, आपली गझल त्याच्यापुढे ठेवायचा आणि उस्ताद ती तपासून द्यायचा. वृत्त कुठे अडखळलं, यमक खरं आहे की डोळ्यांना फसवणारं, एखादा शब्द बोलीत वेगळ्या अर्थाने वापरतात का, हे सगळं त्यात यायचं. कधी एकच शब्द बदलला जायचा आणि अख्खा शेर उभा राहायचा. मुशायऱ्यात कवीची ओळख त्याच्या उस्तादाच्या नावाने व्हायची. गायकाला जसं घराणं, तसं हे.

बादशहासुद्धा याला अपवाद नव्हता. शेवटचा मोगल बादशहा बहादूरशाह जफर आपल्या गझला कवी जौक यांना दाखवत असे. १८५४ मध्ये जौक गेले आणि ते काम मिर्झा गालिब यांच्याकडे आलं. राज्य नावापुरतं उरलेला, तरी बादशहाच असलेला माणूस आपली ओळ दुसऱ्याच्या हाती देतो आणि 'बघा, कुठे चुकलं' म्हणतो, हे चित्र मला नेहमी मोठं वाटत आलं आहे.

याच जौकांचे एक शागीर्द म्हणजे दाग देहलवी (१८३१–१९०५). त्यांचं लहानपण लाल किल्ल्यात गेलं आणि उत्तरायुष्य हैदराबादेत. तिथे सहावे निजाम मीर महबूब अली खान यांचे ते उस्ताद होते. आपला मराठवाडा तेव्हा त्याच राज्यात होता. दागांचे शागीर्द मात्र देशभर पसरलेले होते आणि त्यातल्या अनेकांनी उस्तादाला पाहिलेलंही नव्हतं. गझल लिफाफ्यात घालून पाठवायची आणि दुरुस्त होऊन येण्याची वाट पाहायची. आज ज्याला आपण ऑनलाइन शिकवणी म्हणतो ती तेव्हा टपालखात्याच्या भरवशावर चालायची. पंजाबातून असेच लिफाफे पाठवणारा एक तरुण होता मुहम्मद इक्बाल. थोड्याच काळात दागांनी त्याला कळवलं की तुझ्या गझलांना आता दुरुस्तीची फारशी गरज नाही. पुढे दाग वारले तेव्हा इक्बालांनी त्यांच्यावर शोककविता लिहिली.

शिकवणं कुठे थांबवायचं हे दागांना कळलं, ही यातली लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट. खूप जणांना ते कळत नाही.

चित्रपटातही ही परंपरा मागच्या दाराने आली. १९४५ मध्ये मुंबईच्या एका मुशायऱ्यात निर्माते ए. आर. कारदार यांनी मजरूह सुलतानपुरींना ऐकलं आणि चित्रपटासाठी लिहायला बोलावलं. मजरूहनी नकार दिला. चित्रपटाची गाणी म्हणजे हलकं काम, असं त्यांना वाटत होतं. त्यांना राजी केलं ते त्यांचे ज्येष्ठ मार्गदर्शक जिगर मुरादाबादी यांनी. मग नौशादांनी एक चाल ऐकवली, त्यावर मजरूहनी शब्द लिहून दाखवले आणि १९४६ च्या 'शाहजहाँ'ची गाणी त्यांच्याकडे आली. गुरूचं काम ओळी तपासण्यापुरतं नसतं. शिष्य कोणतं दार बंद करू पाहतोय हे पाहून ते उघडं ठेवायला लावणं, हेही त्याच्याच कामात येतं. हा मुद्दा पुढे अमेरिकेत पुन्हा भेटणार आहे.

बेळगावची शाळा

मराठी रंगभूमीवरचं उदाहरण तर थेट शाळेतलंच आहे. अण्णासाहेब किर्लोस्कर (१८४३–१८८५) बेळगावात शिक्षक होते आणि गोविंद बल्लाळ देवल हा त्यांचा विद्यार्थी होता. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात 'संगीत शाकुंतल' रंगभूमीवर आलं आणि १८८२ मध्ये 'संगीत सौभद्र'. शाळेतलं नातं नाटक मंडळीत चालू राहिलं. देवल किर्लोस्करांच्या मंडळीत नट म्हणून उभे राहिले, तालमी घेऊ लागले आणि नाटकाचं पद कसं बांधतात हे त्यांनी अगदी जवळून पाहिलं.

पद बांधणं म्हणजे काय, हे आज पुन्हा सांगायला हवं. चाल आधीपासून ठरलेली असायची. साकी, दिंडी, कामदा, अंजनीगीत या लोकांच्या कानात बसलेल्या रचना, नाहीतर कीर्तनातली वा लावणीची एखादी चाल. त्या चालीत ऱ्हस्व-दीर्घ मोडू न देता शब्द बसवायचे, पात्राच्या तोंडी शोभतील असे बसवायचे आणि शेवटच्या रांगेतल्या माणसाला पहिल्याच ऐकण्यात कळतील असे बसवायचे. हे पुस्तक वाचून येत नाही. कुणीतरी शेजारी बसून 'इथे अक्षर ओढावं लागतंय, शब्द बदल' असं सांगावं लागतं.

देवलांचं 'संगीत शारदा' १८९९ मध्ये आलं. म्हाताऱ्याशी लग्न लावून दिल्या जाणाऱ्या मुलीची कथा आणि घरात बोलली जाते तशी साधी भाषा. किर्लोस्करांची नाटकं पुराणातली होती, देवलांनी गाणं थेट माजघरात आणलं. गुरूकडून त्यांनी हत्यारं घेतली. घर मात्र स्वतःचं बांधलं.

शेजारच्या शेतावरचे गृहस्थ

आता या लेखाच्या मुख्य गोष्टीकडे येतो. ती आपल्या मातीतली नाही, पण एकाला एक अशी गीतलेखनाची शिकवणी कशी असावी याचं इतकं नीट नोंदलं गेलेलं दुसरं उदाहरण माझ्या पाहण्यात नाही. शिष्याने ती आयुष्यभर, मुलाखतींतून आणि पुस्तकांतून, पुन्हा पुन्हा सांगितली.

स्टीफन सॉण्डहाइम यांचा जन्म २२ मार्च १९३० चा, न्यूयॉर्कचा. ते दहा वर्षांचे असताना आई-वडील वेगळे झाले. आईने पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या डॉइल्सटाउनजवळ एक शेतघर घेतलं. आईशी त्यांचं कधीच जमलं नाही. पण जवळच हायलँड फार्म नावाच्या शेतावर एक कुटुंब राहत होतं आणि त्यांचा मुलगा जिमी हा स्टीफनच्या वयाचा होता. मुलगा तिथे इतका रमला की जवळजवळ त्याच घरचा झाला. त्या घराचे कर्ते होते ऑस्कर हॅमरस्टाइन, संगीतकार रिचर्ड रॉजर्स यांच्याबरोबर 'ओक्लाहोमा!' (१९४३) आणि 'कॅरोसेल' (१९४५) लिहिणारे, त्या काळच्या अमेरिकन संगीत रंगभूमीवरचे सर्वांत मोठे गीतकार.

स्टीफन जॉर्ज स्कूल नावाच्या निवासी शाळेत होता. पंधराव्या वर्षी त्याने दोन वर्गमित्रांबरोबर एक संगीत नाटक लिहिलं. विषय काय, तर शाळाच! शिक्षकांची आणि मुलांची नावं जरा इकडेतिकडे करून पात्रं केलेली. आपल्या स्नेहसंमेलनातल्या 'आमचे सर' छापाच्या नाटुकल्या आठवा, तोच प्रकार. मुलाला मात्र खात्री होती की हे हॅमरस्टाइननी वाचलं की ते लगेच ब्रॉडवेवर आणतील. त्याने विनंती केली की लिहिणाऱ्याला ओळखत नाही असं समजून वाचा.

दुसऱ्या दिवशी हॅमरस्टाइननी त्याला बोलावलं. खरोखरच ओळखत नाही असं समजून सांगायचं ना, असं एकदा विचारून घेतलं आणि मग सांगितलं की इतकं वाईट आपण आजवर वाचलेलं नाही. मुलाचा चेहरा पडला. त्यावर त्यांनी लगेच खुलासा केला : तुझ्यात गुण नाहीत असं मी म्हटलेलं नाही, लिखाण वाईट आहे असं म्हटलं, आणि ते का वाईट आहे हे हवं असेल तर सांगतो.

मग ते सांगत बसले. पहिल्या पानावरच्या पहिल्या रंगसूचनेपासून सुरुवात करून एकेक गाणं, एकेक संवाद, एकेक ओळ. गाण्यालाही सुरुवात, मध्य आणि शेवट असतो. ते सुरू झालं तेव्हा पात्र जिथे होतं तिथेच संपलं तर गाणं कशासाठी? शब्द सुरांवर कसा बसतो? पात्राची ओळख गाण्यातून कशी करून द्यायची? एका पंधरा वर्षांच्या पोराच्या वहीवर त्यांनी सगळी दुपार खर्च केली आणि तीही त्याला लहान मूल न समजता. लोक गीतलेखनाबद्दल जन्मभरात शिकतात त्याहून जास्त आपण त्या एका दुपारी शिकलो, असं सॉण्डहाइम पुढे म्हणत.

त्यात आणखी एक सूचना होती. मुलाने साहजिकच हॅमरस्टाइनसारखं लिहिलं होतं : पाखरं, झाडं, उजाडणारं आभाळ. गुरूने सांगितलं की या गोष्टी मला खरंच भावतात, तुला नाही. तुला जे वाटतं ते लिही. आपली नक्कल करणाऱ्या शिष्याला नक्कल सोडायला सांगणं सोपं नसतं. नक्कल गोड लागते.

चार स्वाध्याय

त्यानंतर हॅमरस्टाइननी त्याला अभ्यासक्रम आखून दिला. चार संगीत नाटकं लिहायची, चार वेगवेगळ्या प्रकारे. आपल्या शिक्षकवर्गाला यात रस वाटेल म्हणून ते क्रमाने देतो.

पहिलं, तुला आवडणारं एखादं चांगलं नाटक घे आणि त्याचं संगीत नाटक कर. चांगली बांधणी आतून कशी असते ते कळेल. स्टीफनने कॉफमन आणि कॉनेली यांचं 'बेगर ऑन हॉर्सबॅक' घेतलं.

दुसरं, तुला आवडतं पण ज्यात दोष आहेत असं वाटतं, असं नाटक घे आणि ते दोष काढता येतात का पाहा. त्याने मॅक्सवेल अँडरसनचं 'हाय टॉर' घेतलं.

तिसरं, मुळात नाटक नसलेली गोष्ट घे, कादंबरी किंवा कथा, आणि तिला नाटकाचा आकार दे. त्याने मेरी पॉपिन्सच्या गोष्टी घेतल्या. हे काम त्याच्याकडून पुरं झालं नाही.

चौथं, कुणाचाही आधार न घेता स्वतःची गोष्ट लिही. त्यातून 'क्लाइम्ब हाय' झालं.

शाळा संपली, विल्यम्स कॉलेजची पदवी झाली (१९५०), तरी हे स्वाध्याय चालूच होते. सगळे मिळून सुमारे सहा वर्षं लागली. या चारांपैकी एकही व्यावसायिक रंगभूमीवर आलं नाही आणि त्यासाठी ते लिहिलेलेही नव्हते. आधी दुसऱ्याचं चांगलं, मग दुसऱ्याचं सदोष, मग दुसऱ्याचं पण वेगळ्या जातीचं आणि सगळ्यांत शेवटी स्वतःचं. हा क्रम मला फार शहाणपणाचा वाटतो. आपण निबंधाला बसवताना मुलांना पहिल्याच दिवशी 'तुमच्या मनाने लिहा' म्हणतो आणि मग मन कोरं निघालं म्हणून रागावतो.

मधल्या काळात, १९४७ मध्ये, 'अलेग्रो' हे रॉजर्स-हॅमरस्टाइन यांचं नवं नाटक उभं राहत होतं. सतरा वर्षांच्या स्टीफनला तालमींत पडेल ते काम करणारा पोऱ्या म्हणून घेतलं. नाटक प्रयोगशील होतं आणि फारसं चाललं नाही. त्यामुळे गुरूचं यश सगळ्यांबरोबर पाहणाऱ्या या मुलाला गुरूचं अपयश अगदी आतून पाहायला मिळालं. आपण त्यातून खूप शिकलो असं तो पुढे सांगायचा.

हॅमरस्टाइननी १९४९ मध्ये आपल्या गीतांचा संग्रह काढला. त्याच्या प्रस्तावनेत त्यांच्या शिकवणीचा नमुना सापडतो. 'कॅरोसेल'मधल्या आपल्याच एका गाण्याला हवी तशी लोकप्रियता का मिळाली नाही, याचा ते तिथे शोध घेतात. कारण काय, तर गाण्याचा शेवटचा शब्द 'क' या बंद व्यंजनावर संपतो. गायकाला सूर लांबवायला मोकळा स्वर लागतो. 'क'वर जीभ अडते, आवाज तुटतो आणि टाळी येत नाही. आपल्या भजनांची आणि लावण्यांची ध्रुपदं आठवून पाहा. शेवटी 'आ', 'ई', 'ओ' किती वेळा येतात ते मोजा, म्हणजे हे इंग्रजीपुरतं नाही हे लक्षात येईल.

त्याच प्रस्तावनेत स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याचा दाखला आहे. हेलिकॉप्टरमधून काढलेल्या छायाचित्रात पुतळ्याच्या डोक्याचा वरचा भाग दिसतो आणि तिथले केससुद्धा शिल्पकाराने तितक्याच मन लावून कोरले आहेत. पुतळा घडला तेव्हा विमानं किंवा हेलिकॉप्टर नव्हती. वरून कुणी पाहील हे शिल्पकाराच्या स्वप्नातही नसणार. कुणी पाहणार नाही तिथेही काम पुरं करायचं, हे सांगायला याहून चांगला दाखला मिळणं कठीण.

दोन सल्ले आणि एक फोटो

सॉण्डहाइमना शब्द आणि संगीत दोन्ही स्वतःचं हवं होतं. कॉलेजात त्यांच्या संगीताच्या प्राध्यापकांनी प्रेरणेचं धुकं बाजूला सारून स्वर कसे काम करतात ते कोरडेपणाने शिकवलं होतं आणि त्यांना तेच आवडलं होतं. पुढे ते मिल्टन बॅबिट या संगीतकाराकडेही शिकले. त्यामुळे 'वेस्ट साइड स्टोरी'साठी फक्त शब्द लिहिण्याचं बोलावणं आलं तेव्हा ते नकार देणार होते. संगीत लिओनार्ड बर्नस्टाइन यांचं होतं. हॅमरस्टाइन म्हणाले, घे. इतक्या जाणत्या माणसांबरोबर काम करायला मिळतंय, ते शिक्षण सोडू नकोस. नाटक १९५७ मध्ये आलं. पुढे 'जिप्सी'च्या (१९५९) वेळी नायिकेला नवखा संगीतकार नको होता, तेव्हा पुन्हा फक्त शब्दच वाट्याला आले आणि पुन्हा गुरूने तेच सांगितलं : एका मोठ्या नटीसाठी लिहिण्याचा अनुभव घे. जिगर आणि मजरूह यांची आठवण इथे होतेच.

'वेस्ट साइड स्टोरी'तल्या स्वतःच्याच एका गाण्याबद्दल सॉण्डहाइम जन्मभर तक्रार करत राहिले. नुकतीच प्यूर्टो रिकोहून आलेली, इंग्रजी जेमतेम येणारी मुलगी त्या गाण्यात अशी झुळझुळीत अंतर्यमकं गाते की ती एखाद्या उच्चभ्रू मेजवानीत वाढली असावी. यमक उत्तम, पण ते मुलीचं नाही, लिहिणाऱ्याचं आहे. गाणं जगभर गाजलं तरी हा दोष त्यांनी झाकला नाही. पंधराव्या वर्षी त्या दुपारी जो कान घडला, तो स्वतःच्या यशालाही सोडायला तयार नव्हता.

२३ ऑगस्ट १९६० रोजी हॅमरस्टाइन वारले. आजाराची कल्पना आल्यावर त्यांनी जवळच्यांना आपले फोटो दिले. सॉण्डहाइमनी फोटोवर काहीतरी लिहून द्या म्हटलं. हॅमरस्टाइननी थोडा विचार करून त्यावर लिहिलं, त्यात स्टीफनला आपला मित्र आणि आपला शिक्षक म्हटलं होतं. शिष्याला गुरू म्हणणारं ते एक वाक्य सांगताना सॉण्डहाइम यांचा आवाज म्हातारपणीही दाटून यायचा. शब्द आणि संगीत दोन्ही त्यांचं असलेलं पहिलं ब्रॉडवे नाटक १९६२ मध्ये आलं. ते पाहायला गुरू नव्हते.

हॅमरस्टाइनही आभाळातून पडलेले नव्हते. ऑटो हारबाक या ज्येष्ठ नाटककाराने त्यांना १९२० च्या दशकात हाताशी धरून घडवलं होतं. आणि सॉण्डहाइमनी पुढे तेच केलं. 'रेंट' लिहिणाऱ्या जोनाथन लार्सनला उमेदवारीच्या काळात, तो हॉटेलात वेटरचं काम करत असताना, ते सल्ला देत राहिले. लार्सन २५ जानेवारी १९९६ रोजी, नाटकाच्या पहिल्या प्रयोगाच्या दिवशी पहाटे, पस्तिसाव्या वर्षी गेला. 'हॅमिल्टन'चा (२०१५) कर्ता लिन-मॅन्युएल मिरांडा यालाही त्यांनी कच्ची गाणी ऐकून सल्ला दिला. रॅपच्या एकसारख्या ठेक्याने श्रोता थकेल, त्यात विविधता ठेव, असा त्याचा रोख होता. हॅमरस्टाइन भूगर्भशास्त्रज्ञ असते तर मीही भूगर्भशास्त्रज्ञच झालो असतो, असं ते सांगत. शिकवणं हे पवित्र काम आहे, असंही म्हणत. २६ नोव्हेंबर २०२१ रोजी ते गेले तेव्हा जगभरच्या अनेक लिहिणाऱ्यांनी त्यांची जपून ठेवलेली छोटी छोटी पत्रं बाहेर काढली.

विदर्भातून आलेली पत्रं

पत्रांवरून सुरेश भट आठवणं अपरिहार्य आहे. १५ एप्रिल १९३२ ला अमरावतीत जन्मलेला आणि १४ मार्च २००३ ला गेलेला हा कवी मराठी गझलेचा सम्राट म्हणून आपल्याला माहीत आहे. त्यांची गाणी तर आपण सहलीच्या बसमध्ये ओरडून म्हटली आहेत. त्यांचं दुसरं काम मात्र तितकं ठाऊक नसतं. ते नव्या गझलकारांचे उस्ताद होते.

मराठीत गझल त्यांच्या आधीही होती. माधव जूलियन यांचा 'गज्जलांजली' हा संग्रह १९३३ चा. पण गझल म्हणजे नेमकं काय हे गावोगावच्या नवशिक्यांना समजावून सांगण्याचं काम भटांनी अंगावर घेतलं. त्यांनी 'गझलेची बाराखडी' लिहिली. मतला, काफिया, रदीफ, अलामत म्हणजे काय. प्रत्येक शेर स्वतंत्र कविता असावा म्हणजे काय. वृत्त आणि मात्रा का सांभाळायच्या, हे सगळं सोप्या मराठीत. आणि बाराखडी हाती दिल्यावर ते थांबले नाहीत. खेड्यापाड्यांतून आलेल्या गझला त्यांनी पत्राने तपासून दिल्या. चुकलं तर स्पष्ट सांगितलं. आज मराठीत गझल लिहिणाऱ्यांची जी मोठी पिढी आहे तिच्यामागे त्या पत्रव्यवहाराचे कष्ट आहेत. हैदराबादेतल्या दागांचं काम विदर्भातल्या कवीने मराठीत चालू ठेवलं, असं म्हणायला हरकत नाही.

नशिबाचा भाग आणि शाळेचा

या सगळ्या कथा ऐकून हुरूप येतो, पण त्यांतली एक टोचणी झाकता येत नाही. सॉण्डहाइमना हॅमरस्टाइन मिळाले, कारण आईने नेमकं त्यांच्या शेजारी शेत घेतलं. दुसऱ्या गावी घेतलं असतं तर? लाल किल्ल्यात दाग वाढले म्हणून जौक हाती लागले. जी मुलं अशा कुणाच्या शेजारी राहत नव्हती, त्यांच्या वह्यांचं काय झालं याचा इतिहास कुणी लिहिलेला नाही, कारण त्या वह्याच उरल्या नाहीत. एकाला एक ही पद्धत सर्वांत चांगली, तशीच ती सर्वांत पक्षपातीही आहे. ज्याचा शेजार चांगला त्याचंच भलं होतं.

यावर दोनच उपाय माणसाला सापडलेले दिसतात. एक टपाल, ज्याने दाग आणि भट दूरच्या मुलापर्यंत पोचले. दुसरा शाळा, जिथे बेळगावच्या देवलांना किर्लोस्कर भेटले. शाळा म्हणजे काय, तर ज्यांच्या शेजारी कुणी मोठं राहत नाही अशा मुलांसाठी तयार केलेला शेजार. आपल्या बाईंच्या हाताखाली साठ साठ मुलांच्या तुकड्या होत्या, तरी आमच्या वहीवरचे दहा 'स्वागत' खोडायला त्यांनी वेळ काढला. तो वेळ त्यांच्या घरातून, त्यांच्या झोपेतून आलेला असणार. आज आपण पन्नाशी ओलांडली, तेव्हा हा हिशेब समजतो.

या चारही ठिकाणच्या शिकवणीत सारखं काय आहे ते शेवटी मांडतो, कारण ते गाण्यापुरतं नाही. शिकवणाऱ्याने खरं सांगितलं. 'वाईट आहे' असं सांगितलं तर त्याच बैठकीत 'का' हेही सांगितलं. नियम हातात दिले, विषय दिला नाही. आपली नक्कल करू दिली नाही. शिष्य तयार झाल्यावर हात काढून घेतला. आणि यांपैकी कुणीही हे घाईने उरकलं नाही.

आता मुद्द्याचं. मेळाव्याच्या बैठकीत शाळेला काय द्यायचं यावर बरीच चर्चा झाली. प्रोजेक्टर, थंड पाण्याचं यंत्र, ग्रंथालयाची कपाटं. सगळं आवश्यक आहे आणि त्याची वर्गणी मी भरली आहे. पण मुख्याध्यापकांशी बोलताना कळलं की आजही आठवी-नववीत गाणी लिहिणारी मुलं आहेत. कुणी मोबाइलवर रॅप करतं, कुणी भीमगीतं लिहितं, एक मुलगी ओव्या रचते. ती तपासून द्यायला मात्र वेळ असलेलं कुणी नाही. आपल्या तुकडीत वकील आहेत, गवंडीकामाचे ठेकेदार आहेत, परिचारिका आहेत, दोन तबलजी आहेत, एक जण वर्तमानपत्रात मुद्रितशोधन करतो. प्रत्येकाने एक मूल, एक वर्ष, महिन्यातून एक दुपार, असं ठरवता येईल. गाणं लिहिणाऱ्याला गाणं जाणणारा, हिशेब आवडणाऱ्याला हिशेब जाणणारा. परगावी असलेल्यांसाठी टपालाची जागा आता फोनने घेतली आहे, तेव्हा ती सबबही उरलेली नाही.

मी माझं नाव समितीच्या वहीत ओव्या रचणाऱ्या मुलीसमोर लिहून ठेवलं आहे. पुढच्या रकान्यांत जागा पुष्कळ आहे. मेळाव्याच्या दिवशी ती वही नोंदणीच्या टेबलावर, जेवणाच्या कुपनांशेजारी ठेवलेली असेल. कुपन घेताना तीही उघडून पाहा.